समुद्रतळात गाडलेला कार्बन आणि त्यावर उगवलेलं गवत

ओहोटीच्या वेळी उथळ पाण्याखाली हिरव्या पात्यांचा पट्टा दिसला, की बघणारा बहुधा त्याला शेवाळ समजून पुढे जातो. पोहणाऱ्यांना ती पाती पायाला लागतात म्हणून नकोशी वाटतात आणि वाहून आलेल्या पात्यांचा ढीग वाळूवर कुजायला लागला की तो उचलून फेकला जातो. पण ही सागरी गवतं शेवाळ नव्हेत. मुळं, खोड, पानं, फुलं, बिया असं सगळं असलेल्या त्या सपुष्प वनस्पती आहेत, आणि या लेखात आपल्याला सर्वात जास्त काम पडणार आहे ते त्यांच्या मुळांशी. शेवाळ खडकाला चिकटतं किंवा तरंगतं, आणि मेलं की बहुतेक वाहूनच जातं. सागरी गवत मात्र तळाच्या गाळात रुतून बसतं, आणि तिथे जे गाडलं जातं ते शेकडो, कधी कधी हजारो वर्षं जागचं हलत नाही.

या वनस्पतींचे पूर्वज जमिनीवरचे. साधारण १० कोटी वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा समुद्राची वाट धरली. आज त्यांच्या जेमतेम ७० जाती आहेत, पण अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडाच्या किनाऱ्याला त्यातली कोणती ना कोणती सापडते. खाऱ्या पाण्यात जगायचं म्हणून त्यांनी बरंच काही टाकून दिलं. झोस्टेरा मरीना या उत्तर गोलार्धातल्या जातीचा जनुकसंच २०१६ मध्ये वाचला गेला, तेव्हा पर्णरंध्रं घडवणारी जनुकंच त्यातून गायब झालेली दिसली. सतत पाण्यात बुडालेल्या पानाला हवेसाठी झडपा हव्यात कशाला? परागकणही बदलले. या जातीत ते गोल नसून दोऱ्यासारखे लांब असतात, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहताना दुसऱ्या फुलाला अडकण्याची शक्यता वाढते.

एक गरज मात्र त्यांना सोडता आली नाही, ती उजेडाची. समुद्रातल्या सूक्ष्म तरंगत्या वनस्पतींना पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण १ टक्का मिळाला तरी त्यांचं भागतं. सागरी गवताला सरासरी ११ टक्के लागतो, काही जातींना त्याच्या दुप्पट. कारण पानांना फक्त स्वतःचं पोट भरून चालत नाही. खाली काळोख्या, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात मुळांचा आणि आडव्या खोडाचा मोठा संसार असतो, त्याला साखर आणि ऑक्सिजन वरूनच पुरवावा लागतो. हा ११ टक्क्यांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढच्या निम्म्या संकटांचं मूळ त्यातच आहे.

आता कार्बनकडे येऊ. एक वाट सरळ आहे. पान पाण्यात विरघळलेला कार्बन घेतं, त्यापासून साखर बनवतं, आणि त्यातला बराच भाग जमिनीखाली पाठवतं. आलं किंवा हळदीसारखं आडवं खोड गाळात पसरत जातं, त्याला मुळं फुटतात, जुना भाग मरतो आणि तिथेच राहतो. दुसरी वाट कमी लोकांना माहीत असते. लाखो पात्यांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावतो, आणि पाणी संथ झालं की त्यातले कण खाली बसतात. नदीतून आलेला पालापाचोळा, मेलेलं प्लवक, कांदळवनातून वाहून आलेले तुकडे हे सगळं पात्यांमध्ये अडकून गाळाचा भाग होतं. जगभरच्या नमुन्यांचा हिशोब केला तर अशा कुरणांच्या गाळातला जवळपास निम्मा कार्बन असा बाहेरून आलेला असतो.

पण गाडलेलं कुजत का नाही? कुजवणारे जिवाणू तिथेही आहेतच. मात्र समुद्रतळाच्या गाळात पहिल्या काही मिलिमीटरच्या खाली ऑक्सिजन संपतो, आणि तो नसताना कुजण्याची क्रिया अतिशय सावकाश चालते. जमिनीवरच्या जंगलात पडलेलं लाकूड काही वर्षांत किंवा दशकांत बुरशी खाऊन टाकते, शिवाय वणव्याची टांगती तलवार असते. इथे वणवा नाही आणि बुरशीला वावही फारसा नाही. ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट मांडली. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशियानिका या गवताच्या मुळांभोवतीच्या गाळात त्यांना साखर सापडली, तीही प्रामुख्याने आपल्या परिचयाची सुक्रोज, आणि समुद्रात आजवर मोजल्या गेलेल्या प्रमाणाच्या सुमारे ८० पट. दुपारच्या कडक उन्हात गवत गरजेपेक्षा जास्त साखर बनवतं आणि जादा माल मुळांवाटे बाहेर टाकतं. जिवाणूंनी तिच्यावर तुटून पडायला हवं होतं. पण त्याच मुळांमधून फिनॉल वर्गातली रसायनंही पाझरतात, आणि ऑक्सिजन नसलेल्या गाळात ती बहुतेक जिवाणूंचं तोंड बांधून ठेवतात.

हा साठा मोजतात कसा, तेही सांगण्यासारखं आहे. पाणबुडे एक लांब पोकळ नळी हातोड्याने ठोकत गाळात उतरवतात, वरचं तोंड बंद करतात आणि आतल्या गाळासकट ती उपसून काढतात. नळी आडवी ठेवून उभी चिरली की काळाचे थर समोर उघडतात. वर वाळू आणि ताजी मुळं, खाली तपकिरी, केसाळ तंतूंचा गच्च गोळा आणि सडक्या अंड्यासारखा वास. मग ठरावीक अंतरावर काप घेऊन ते वाळवतात, त्यातला कार्बन मोजतात आणि रेडिओकार्बन पद्धतीने वय काढतात. स्पेनच्या पोर्टलिगाट उपसागरात पोसिडोनियाने असा मुळांचा आणि गाळाचा थर चार मीटरहून जास्त जाड साचवलाय. त्याच्या तळाजवळचा भाग सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचा आहे. इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहण्याच्या आधी मेलेली मुळं हातात धरता येतात, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वात विलक्षण वाटतं.

आकडे सांगताना मात्र थोडं सावध व्हायला हवं, कारण या विषयात उत्साहाच्या भरात बरंच काही लिहिलं जातं. 'सागरी गवत वर्षावनाच्या ३५ पट वेगाने कार्बन शोषतं' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ते आलंय २०११ च्या एका शास्त्रीय लेखातल्या तुलनेतून, पण ती तुलना फक्त जमिनीत किंवा गाळात गाडल्या जाणाऱ्या कार्बनची आहे. वर्षावन आपला कार्बन मुख्यतः लाकडात साठवतं, आणि ते लाकूड या हिशोबात धरलेलंच नाही. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे.

२०१२ मध्ये जगभरच्या नमुन्यांवरून काढलेला अंदाज सांगतो की सागरी गवतांखालच्या वरच्या एक मीटर गाळात ४२० ते ८४० कोटी टन कार्बन आहे. ऐकायला प्रचंड. पण कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस दर वर्षी हवेत सोडतो तो कार्बन सुमारे १,००० कोटी टन. म्हणजे हजारो वर्षांत साठलेला अख्खा साठा आपल्या एका वर्षाच्या धुराएवढाही नाही. दर वर्षी नव्याने गाडला जाणारा कार्बन तर काही कोटी टनच, त्या धुराच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्यातही एक वजाबाकी आहे. पात्यांवर आणि गाळात राहणारे शिंपले, गोगलगाई, चुनखडी शेवाळं कवच बनवतात, तेव्हा त्या रासायनिक क्रियेत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उष्ण कटिबंधातल्या काही ठिकाणी हा आकडा दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो.

मग या कुरणांना कार्बनसाठी महत्त्व द्यायचं की नाही? माझ्या मते द्यायचं, पण त्यांनी आपला धूर गिळावा अशी आशा बाळगून नव्हे. खात्रीलायक नोंदी असलेली कुरणं धरली तर त्यांचं क्षेत्र सुमारे १.६ लाख चौरस किलोमीटर भरतं, समुद्रतळाचा हजारावा भागही नाही. एवढ्याशा जागेत एवढा जुना साठा दाटलाय, आणि तो जागेवर ठेवायला काही करावं लागत नाही, फक्त वरचं गवत जिवंत राहावं लागतं. ते गेलं की गाळाला धरून ठेवणारं जाळं जातं, लाटा तो उचलतात, त्याला ऑक्सिजन मिळतो आणि शतकानुशतकं थांबलेलं कुजणं सुरू होतं. सगळाच कार्बन हवेत जातो असं नाही. काही दुसरीकडे पुन्हा गाडला जातो, काही तिथेच टिकतो. पण गेलेला भाग परत जमवायला तेवढीच शतकं लागतात. म्हणून नवं गवत लावण्यापेक्षा आहे ते राखणं कितीतरी मोलाचं.

आणि ते राखलं जात नाहीये. २००९ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिलं तेव्हा १८७९ पासून ज्ञात क्षेत्रातलं २९ टक्के गवत नाहीसं झालेलं आढळलं. १९८० नंतर सरासरी वर्षाला ११० चौरस किलोमीटर.

यातला सर्वात मोठा गुन्हेगार कुऱ्हाड घेऊन येत नाही. तो शेतातून आणि गटारातून येतो. खतांमधला आणि सांडपाण्यातला नायट्रोजन खाडीत उतरला की तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींना आणि पात्यांवर चढणाऱ्या शेवाळाला सुगीचे दिवस येतात. पाणी हिरवट गढूळ होतं, पात्यांवर बुळबुळीत थर बसतो, आणि ११ टक्क्यांचा उंबरठा ओलांडायला उजेड पुरत नाही. गवत लगेच मरत नाही. आधी ते खोडातली शिल्लक साखर खातं, मग मुळांकडे जाणारा ऑक्सिजन कमी पडतो. एरवी मुळं आपल्याभोवती ऑक्सिजनचं पातळ कवच राखून असतात, कारण बाहेरच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो. नळी उघडल्यावर येणारा वास त्याचाच, आणि तो वनस्पतीला विषारी आहे. कवच पातळ झालं की विष आत शिरतं. निरोगी कुरणात ल्युसिनिड नावाचे छोटे शिंपले गवताच्या मदतीला असतात. त्यांच्या कल्ल्यांमध्ये राहणारे जिवाणू सल्फाइडवर जगतात, त्यामुळे विषाचा बऱ्यापैकी निचरा होतो. गवताच्या मुळांमधून झिरपणारा ऑक्सिजन शिंपल्यांनाही उपयोगी पडतो. उजेड गेला की ही देवघेवही मोडते.

फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये (लगून म्हणजे समुद्राला जोडलेलं उथळ खारं सरोवर) हे डोळ्यांदेखत घडलं. २०११ पासून तिथे सूक्ष्म शैवालांचा वारंवार उद्रेक झाला आणि गवताची मैलोन्मैल पसरलेली कुरणं विरत गेली. त्यावर जगणारे मॅनेटी हे सस्तन प्राणी उपाशी पडले. २०२१ मध्ये फ्लोरिडात १,१०० हून अधिक मॅनेटी मेले. त्या हिवाळ्यात सरकारी यंत्रणांनी अक्षरशः लेट्यूसचे गड्डे पाण्यात टाकून त्यांना जगवायचा प्रयत्न केला. एकेक मॅनेटी दिवसाला कित्येक किलो हिरवा चारा खातो, त्यामुळे हा उपाय किती पुरणार होता ते सांगायला नको.

नांगराचं नुकसान त्या मानाने छोटं, पण चीड आणणारं. मोठ्या नौकेचा नांगर आणि साखळी तळावरून ओढली गेली की मुळांचा थर नांगरल्यासारखा उलटतो. पोसिडोनियाचं खोड वर्षाला काही सेंटीमीटर सरकतं, त्यामुळे एका दुपारच्या सहलीत पडलेलं भगदाड भरायला पिढ्या जातात. स्पेनच्या बालेआरिक बेटांच्या सरकारने २०१८ मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकायला कायद्याने बंदी केली. नौका कायम बांधून ठेवायच्या जागांवरही तोच प्रकार दिसतो. वाऱ्यासोबत नौका फिरते आणि तिची जड साखळी तळावर गोल फिरत टक्कल पाडते. साखळीऐवजी तळापासून उचललेली, लवचिक दोरीची जोडणी वापरली तर हे टळतं. उपाय इतका साधा असूनही तो सगळीकडे नाही, हे मला कळत नाही. बंदरांसाठी तळ उपसणं आणि किनाऱ्यावर भराव टाकणं यांबद्दल वेगळं काय सांगायचं? तिथे गवत थेट उपसलं जातं किंवा गाडलं जातं.

उष्णतेचं मात्र तसं नाही, तिला स्थानिक उपाय नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातला शार्क बे हा जगातल्या सर्वात मोठ्या सागरी गवताच्या प्रदेशांपैकी एक. २०२२ मध्ये जाहीर झालं की तिथलं पोसिडोनिया ऑस्ट्रॅलिस या जातीचं सुमारे १८० किलोमीटर पसरलेलं कुरण म्हणजे एकच वनस्पती आहे, एका बीपासून निदान ४,५०० वर्षं आडवी पसरत आलेली. २०१०-११ च्या उन्हाळ्यात त्याच उपसागरात समुद्राचं तापमान दोन महिन्यांहून अधिक काळ नेहमीपेक्षा २ ते ४ अंशांनी चढलेलं राहिलं. तिथल्या गवताचा एक तृतीयांशाहून अधिक भाग मेला किंवा विरळ झाला. सर्वाधिक फटका अँफिबोलिस अंटार्क्टिका या दुसऱ्या जातीला बसला. पुढच्या तीन वर्षांत त्या उघड्या पडलेल्या गाळातून २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या अंदाजाच्या दोन टोकांमधलं अंतर केवढं आहे बघा. गाळातून नेमकं किती बाहेर पडतं हे मोजणं किती अवघड, ते त्यातून कळतं. त्या उष्णतेच्या लाटेनंतर शार्क बेमधल्या डॉल्फिनांचा जन्मदरही घसरलेला दिसला.

दरवेळी दोष थेट माणसाचाच असतो असंही नाही. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचं झोस्टेरा लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्मजीवाच्या रोगाने जवळपास ९० टक्के मेलं, आणि केवळ त्याच पात्यांवर जगणारी एक गोगलगाय कायमची नामशेष झाली. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये तर संवर्धनाचं यशच अंगाशी आलं. संरक्षण मिळून वाढलेल्या हिरव्या कासवांनी एकेका बेटाजवळचं गवत पार खुरटं होईपर्यंत चरून टाकलं, तिथलं संपलं की पुढच्या लगूनचा रस्ता धरला. कासवांना खाणारे मोठे शार्क समुद्रात कमी झालेत, आणि चरायला सुरक्षित कुरणंही मोजकीच उरलीत. कासव वाचवलं ते बरोबरच होतं. पण एकच दुवा सावरून साखळी सावरत नाही.

या सगळ्यात एक दुष्टचक्र आहे, आणि पुनर्लागवडीचे बहुतेक प्रयोग त्यातच अडकतात. गवत होतं तोवर पाणी संथ आणि नितळ होतं. ते गेल्यावर गाळ ढवळत राहतो, पाणी गढूळ राहतं, आणि नवं रोप लावलं तरी त्याला उजेड मिळत नाही. जगभरच्या सतराशेहून अधिक प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला तेव्हा लावलेल्या रोपांचं जगण्याचं सरासरी प्रमाण ३७ टक्के निघालं. छोट्या तुकड्यांची लागवड बहुधा वाया जाते. मोठ्या प्रमाणावर केली तर गवत स्वतःचं पाणी स्वतःच नितळ करू लागतं. अर्थात त्याआधी पाणी बिघडवणारं कारण थांबलेलं हवं. युरोपात काही किनाऱ्यांवर गेल्या काही दशकांत घसरण थांबून गवत परत येतंय, त्यामागे सांडपाण्यावरची सक्तीची प्रक्रिया हे एक मोठं कारण आहे.

त्याहून मूलभूत अडचण नकाशांची. कांदळवन उपग्रहातून सहज दिसतं, दहा-वीस मीटर खोल पाण्यातलं गवत दिसत नाही. बहामामध्ये संशोधकांनी टायगर शार्कच्या पाठीवर कॅमेरे बसवले आणि शार्क जिथे जिथे फिरले तिथल्या तळाचं चित्रण तपासलं. २०२२ मध्ये त्यांनी दिलेल्या अंदाजाप्रमाणे तिथे ९२,००० चौरस किलोमीटरपर्यंत सागरी गवत असू शकतं. म्हणजे आधीच्या जागतिक नोंदीच्या निम्म्याहून अधिक, एकाच देशात! देशांनी आपल्या उत्सर्जनाच्या हिशोबात सागरी गवत कसं धरावं याची पद्धत हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०१३ मध्येच दिली आहे. पण जे कुरण नकाशावरच नाही त्याचा हिशोब कोण मांडणार?

प्रत्यक्षात जमलेलं सर्वात मोठं काम व्हर्जिनियातलं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तिथल्या लगूनमधलं झोस्टेरा त्या १९३० च्या दशकातल्या रोगात आणि १९३३ च्या चक्रीवादळात समूळ गेलं, आणि पुढची साठेक वर्षं परत आलंच नाही. पाणी तर स्वच्छ होतं. अडलं होतं बियांपाशी, कारण झोस्टेराचं बी बहुधा आईपासून काही मीटरवरच पडतं, आणि आईच उरली नव्हती. १९९९ नंतर संशोधक आणि स्वयंसेवक वसंतात फुललेले तुरे गोळा करत, उन्हाळाभर ते समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ठेवत, पिकून खाली बसलेल्या बिया वेगळ्या करत आणि शरद ऋतूत होडीवरून हाताने विखरत. दोन दशकांत ७ कोटींहून अधिक बिया सुमारे २०० हेक्टरवर पेरल्या गेल्या, आणि गवत आपल्या आपण ३,६०० हेक्टरपर्यंत पसरलं. पेरलेलं कुरण साधारण १२ वर्षांत नैसर्गिक कुरणाच्या वेगाने कार्बन गाडू लागतं, असं तिथल्या मोजमापांवरून दिसतं. २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत यातला एक तुकडा मेला आणि त्याखालच्या गाळातला कार्बनही घटला. आजूबाजूचं गवत शाबूत असल्याने पुढच्या तीन-चार वर्षांत ती जागा पुन्हा हिरवी झाली.